पांढऱ्या वाळूवरचं उष्टं

काही माणसांना जगात आधी डागच दिसतो. तपासनीस त्यांतले. कापडगिरणीत त्यांनी उभा जन्म काढला तो तपासणीच्या टेबलापाशी. टेबलाला तिरकी काच, काचेखाली दिवा आणि काचेवरून सरकत जाणारं कापड. कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा थेंब पडलाय, कुठे वीण विरळ झालीय, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. खोट दिसली की खडूची खूण आणि अख्खा तागा बाजूला. साहेब वैतागायचे, म्हणायचे, "जाऊ द्या हो, कोण बघतंय?" हे म्हणायचे, "मी बघतोय ना." निवृत्त होऊन वर्षं लोटली, गिरणीही बंद पडली, तरी आळीत सगळे त्यांना तपासनीसच म्हणत.

आणि अशा माणसाच्या गळ्यात बायको कोणती पडावी? तर सांडणारी. चहा कपातून बशीत, बशीतून टेबलावर. पलंगावर पाय पसरून मासिक वाचत बिस्किटं खायची, आणि चादरीवर हा चुरा! पावडर लावली की अर्धी जमिनीवर. "अगं, सांडू नकोस" हे वाक्य त्या घरात जितक्या वेळा बोललं गेलं असेल तितक्या वेळा दुसरं कुठलंच नाही. तीही काही कमी नव्हती. निवांत दुसरं बिस्कीट मोडायची आणि म्हणायची, "सांडलं तर सांडलं. तुम्ही आहात ना पुसायला." मग हे धुसफुसत चादर झटकायला घ्यायचे. असा त्यांचा संसार. लोकांना वाटे, यांचं पटत नाही. पटत होतं हो, चांगलं पटत होतं. फक्त ते पटणं दुसऱ्याच्या कानाला भांडणासारखं ऐकू यायचं.

मग एका सकाळी ती मोरीपाशी कोसळली. पक्षाघात. उजवी बाजू गेली, ओठ एका अंगाला उतरला, आणि दिवसभर चालणारं ते तोंड चारदोन शब्दांवर आलं. "अहो", "जा", "नको", "अजून". बाकी सगळं आत अडकलं. डावा हात तेवढा वाचला.

एकुलती एक लेक परगावी नोकरीला. ती धावत आली, महिनाभर राहिली, आईला दवाखान्यातून घरी आणलं, वरखाली होणारा पलंग आणला, त्याला कठडा बसवून घेतला, आईच्या उशाशी पितळी घंटा ठेवली. सकाळी अंग पुसायला एक बाई लावली. आणि निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बापाला समोर बसवून म्हणाली, "बाबा, चिडू नका, पण स्पष्ट बोलते. आईचा डावा हात चालतोय तोवर ठीक आहे. घंटा वाजवता येते, कठडा धरून कुशीवर होता येतं, कप धरता येतो. तो हातही गेला, तर तुमच्या एकट्याच्यानं व्हायचं नाही. मग तिला संस्थेत ठेवायचं. तिथे माणसं असतात बघायला. कबूल?"

तपासनीस टेबलावरचा चहाचा डाग अंगठ्यानं घासत राहिले. मग म्हणाले, "कबूल."

दार उघडंच होतं. पक्षाघातानं बायकोची वाचा नेली होती, कान नेले नव्हते. पण हा विचार तेव्हा बापलेकींपैकी कोणाच्याच मनात आला नाही.

माशांची पेटी आणली तीही लेकीनंच. आईच्या डोळ्यांना काहीतरी हलतं हवं म्हणून. पलंगाच्या डाव्या अंगाला, उशीच्या उंचीला येईल अशी तिपाई ठेवून तिच्यावर ती तीनफुटी पेटी बसवली. तळाला निळे खडे, दोन चपटे एंजल मासे आणि बाकी लहान रंगीबेरंगी. झाकणाला हाताशी एक खाच. माशांच्या खाण्याचा डबा मिठाच्या डबीसारखा, वर भोकं. डॉक्टर म्हणाले होते की चालत्या हाताला काम द्या, हात कामात राहिला तर टिकेल. तेव्हा हे काम ठरलं. सकाळी तपासनीस डबा बायकोच्या हातात देत, ती मनगट वळवून तो खाचेवर उपडा करी, चुरा पाण्यावर पसरे, मासे झेपावत. ती अर्ध्या तोंडानं हसे.

आता तुम्हीच सांगा, सांडणारीच्या हातात भोकं असलेला डबा दिल्यावर दुसरं काय होणार? दिवसभर तिचा हात चालू. मासे काचेशी आले की टाक, वळले की टाक, उगाच वाटलं म्हणून टाक. वरच्यांनी खाल्लं तेवढं खाल्लं, उरलेलं सगळं खाली, खड्यांच्या फटीत. पाणी आधी दुधाळ झालं, मग कुबट वास मारायला लागलं. दोन लहान मासे पोट वर करून तरंगले. तपासनीसांनी पाणी बदललं, पुन्हा बदललं, त्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी एक दिवस तडकले आणि त्यांनी तिच्या हातातून डबा काढून कपाटावर ठेवला.

तिनं डोळे मिटून घेतले. दुपारी सूप नेलं तर ओठ उघडले नाहीत. संध्याकाळीही नाही. तपासनीस चमचा धरून उभे राहिले, चमच्यातलं सूप गार झालं. अंधार पडायच्या आत त्यांनी डबा कपाटावरून काढला आणि मुकाट तिच्या मुठीत दिला. तिनं डोळे उघडले, त्यांच्याकडे बघत एक भलामोठा हप्ता पाण्यात ओतला, आणि मग सूप प्यायली. एकूण, हात चालू ठेवायचा तर डबा चालू राहणार, आणि डबा चालू राहिला तर पेटी मरणार. यातून वाट काढणं भाग होतं.

बस थांब्यामागच्या गल्लीत, चावीवाला आणि सायकल दुरुस्तीवाला यांच्या मधोमध माशांचं दुकान होतं. शोभेच्या माशांचं. तपासनीस आत शिरले ते खिशातला रुमाल नाकाला लावूनच. चालवणारी बाई चाळिशीची, खांद्यावर ओला टॉवेल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात कायम कुठल्या ना कुठल्या पाण्यात.

"मला घाण खाणारा मासा हवाय," तपासनीस म्हणाले.

"असा मासा अजून जन्माला यायचाय, काका," दुकानवाली मागे न बघताच बोलली. "असता तर आधी मीच नसता का ठेवला? बघा माझे हात."

"मग ते काचेला चिकटून बसतात ते?"

"सकर होय? या, दाखवते." तिनं त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे एका टबात एक काळाकभिन्न, खरबरीत मासा होता, कोपरापासून पंजापर्यंत लांब. वळायचं म्हटलं तर आधी शेपूट टबाला टेकायची. "आणला तेव्हा बोटाएवढा असतो. लोकांना वाटतं, फुकटचा सफाईवाला मिळाला. मग हा वाढतो, सगळ्यांपेक्षा जास्त घाण हाच करतो, आणि घरात मावेनासा झाला की येतात परत घेऊन. काहीजण तर तोंडही दाखवत नाहीत. मी शटर उघडते तर बाहेर बादली."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? ठेवते. जगतात तोवर जगतात."

तपासनीसांना उगाचच लेकीचा शब्द आठवला. संस्था. त्यांनी टबावरची नजर काढून घेतली आणि म्हणाले, "हा नको."

"नकोच," ती म्हणाली. "आधी मला सांगा, तुमच्याकडे तळाशी पडतं काय? काचेवर शेवाळ धरतं, का माशांचीच घाण, का खाणं?"

"खाणं. बायको टाकते. फार टाकते."

"मग कमी टाका म्हणावं की."

"ते जमायचं नाही."

ते हे ज्या आवाजात म्हणाले, तो ऐकून तिनं पुढे विचारलं नाही. हात पुसले आणि एकेका पेटीपाशी नेऊन ती सांगू लागली. गोगलगायी? चालतील, पण काच चाटण्यात त्यांचा जन्म जातो, तुमच्या बायकोच्या हाताला त्या पुरणार नाहीत. आणि कुठली तरी भलतीच जात आली तर पिल्लांनी पेटी भरून जाईल. कोळंबी? कामाला वाघ, पण तुमच्याकडे एंजल आहेत ना, ते नाश्ता करतील त्यांचा. लोच, हे सापासारखे, दिवसभर लपून बसतात, झोपून बघणाऱ्या माणसाला काय उपयोग? असं करत ती एका कोपऱ्यातल्या पेटीपाशी थांबली. तळाच्या वाळूत दहाबारा छोटे मासे नाकं खुपसून चालले होते. गोलमटोल अंग, ओठांशी दोन्हीकडे मिशा, चेहऱ्यावर भाव असा की काहीतरी हरवलंय आणि ते आत्ताच्या आत्ता सापडलं पाहिजे.

"कोरी म्हणतात ह्यांना. हे घाण खात नाहीत, काका, हे उष्टं खातात. वरच्यांच्या तोंडातून जे निसटेल ते ह्यांचं. माशांची घाण तुम्हालाच नळीनं ओढून काढावी लागणार, त्यातून सुटका नाही. पण खाणं कुजू द्यायचे नाहीत हे."

मिशांनी वाळू चाचपत, एक इंचही न सोडता पुढे सरकणारे ते मासे तपासनीस बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. कोणीतरी आपल्याच खात्यातलं भेटल्यासारखं त्यांना वाटलं. "हे द्या," ते म्हणाले. "दोन."

"दोन नाही, निदान सहा. घोळक्यानं राहतात. एकटा पडला की कोपऱ्यात बसून झुरतो. आणि खाली काय आहे तुमच्या? खडे? टोकदार? मग आधी ते काढा, मिशा झिजून जातील त्यांच्या. बारीक वाळू घाला."

वाळूच्या पिशव्या दोन रंगांच्या होत्या. दुकानवाली म्हणाली, काळपट न्या, त्यावर मासे बुजत नाहीत. तपासनीसांनी पांढरी उचलली. पांढऱ्यावर कण अन् कण दिसतो. तिनं कपाळाला हात लावला, पण दिली. वर हेही बजावलं की गाळणीचा स्पंज पेटीतल्याच पाण्यात पिळायचा, साबण लावला तर सगळे मरतील. तपासनीस घरी जाऊन नेमकं तेच करणार होते, त्यामुळे ते जरा ओशाळले.

पैसे देताना तिनं एक चपटी डबी पुढे केली. "ह्या बुडणाऱ्या गोळ्या. वरून उष्टं पडतंय तोवर काळजी नाही. पण तळ स्वच्छ दिसायला लागला की ह्या टाकत जा. नाहीतर उपाशी राहतील हे. वरच्यांशी झोंबून खाणं ह्यांच्या स्वभावात नाही."

तपासनीसांच्या कपाळावर आठी चढली. दुकानदार तो दुकानदार, शेवटी काहीतरी गळ्यात मारणारच! "सफाईला ठेवलेल्या माशांना वेगळं जेवण?" ते म्हणाले. "उद्या म्हणाल, झाडूलाही दूध पाजा." डबी त्यांनी तिथेच सरकवून ठेवली.

वाळू धुवून, खडे काढून, मासे बादलीत आणि बादलीतून परत असं करण्यात सगळा दिवस गेला. संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं आणि सहाच्या सहा कोरी पांढऱ्या वाळूवर उतरले. बायको मान वळवून बघत होती. एकानं नाक वाळूत खुपसलं, कल्ल्यातून वाळू उडवली आणि तिच्या समोर काचेशी येऊन उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून निघालं, "मिशा!"

तपासनीसांच्या हातातली बादलीच सुटली. किती आठवड्यांत नवा शब्द आला नव्हता. "काय म्हणालीस? परत म्हण."

"मिशा," ती म्हणाली, आणि त्यांच्या वरच्या ओठाकडे बघून हसली. त्यांना मिशा होत्या, पांढऱ्या, नीट कातरलेल्या. बादली कलंडून जमिनीवर तळं झालं होतं. सांडलं होतं त्यांच्याच हातून, आणि पुसायचं त्यांना सुचलं नाही.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. बरे म्हणजे, त्या घरात तेव्हा जेवढं बरं असू शकत होतं तेवढे. सकाळी डबा हातात गेला की ती टाकायची, वरचे खायचे, उष्टं बर्फासारखं खाली उतरायचं आणि कोरींची टोळी निघायची. तपासनीस खुर्ची ओढून बसत. "अगं पुरे," ते म्हणत. ती त्यांच्याकडे तिरक्या डोळ्यानं बघत अजून एक हप्ता टाके. "अगं ए! पुरे म्हटलं ना?" अजून एक. मुद्दाम. जुनं भांडण पुन्हा सुरू झालं होतं, आणि खरं सांगायचं तर तपासनीसांना त्या भांडणावाचून करमत नव्हतं. डबा संपत आला की ते दुकानात जात. दुकानवाली म्हणे, "अहो, मासे पाळलेत का हत्ती?" ते म्हणत, "बायको पाळलीय." आणि स्वतःच हसत.

मग हळूहळू पेटीचा तळ स्वच्छ दिसायला लागला.

आधी तपासनीसांचा विश्वास बसेना. सकाळी बघावं तर वाळू धुतल्यासारखी. दुपारी बघावं तर तशीच. चष्मा पुसून, काचेला नाक लावून त्यांनी कोपरान्‌कोपरा तपासला. एक कण नाही. गिरणीत असा तागा आला असता तर त्यांनी डोळे मिटून पासचा शिक्का मारला असता. लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी तेच सांगितलं. "तळ बघशील तर बघत राहशील. त्या मासेवाल्या बाईला माझ्या माशांनी हरवलं. म्हणे वेगळं खायला टाका!"

"वा," लेक म्हणाली. "आणि आई?"

"मस्त शांत असते. हल्ली घंटासुद्धा वाजवत नाही."

"जेवते नीट?"

"जेवते. लाडावलीय जरा. कप धरायचा कंटाळा करते, पुढे केला की नको म्हणते, मीच पाजायचं. पाजतो. आपलं काय जातंय?"

"हात चालतोय ना?"

"चालतोय म्हणजे काय? दिवसभर डबा असतो हातात."

यात त्यांनी खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं. डबा दिवसभर तिच्या हातात असायचाच. सकाळी ते स्वतः तिची बोटं त्याभोवती वळवत आणि भांडी घासायला जायला निघत. ती म्हणे, "जा." ते परत आले की माशांकडे बघत म्हणे, "दिलं." हा तिचा आणखी एक नवा शब्द. अंग पुसायला येणारी बाई, जी घड्याळाकडे बघत काम करी, ती एकदा म्हणाली, "आजी हल्ली फार जड लागतात हो कुशीवर घ्यायला." तपासनीस म्हणाले, "खाणं सुधारलंय." तेही त्यांना चांगलंच लक्षण वाटलं. कापडातली सूतभर खोट पकडणारा माणूस हा! पण घर स्वच्छ झालं होतं, घंटा वाजत नव्हती, चादरीवर चुरा नव्हता. जन्मभर जे मागितलं ते मिळत होतं, आणि मनासारखं मिळत असताना कोण दिवा लावून तपासतो?

एका सोमवारी सकाळी एक कोरी वाळूवर आडवा पडलेला दिसला. मिशा स्थिर. तपासनीसांनी तो जाळीनं उचलला, रिकाम्या काड्यापेटीत ठेवला आणि तरातरा दुकान गाठलं. "आजारी माल दिलात मला," आत शिरतानाच ते म्हणाले. "बघा."

दुकानवालीनं मासा तळहातावर घेतला, उलटा केला, अंगठ्यानं पोटाशी दाबलं. पोट आत ओढलं होतं, खळगा पडल्यासारखं. "आजारी नाही, काका. उपाशी मेलाय हा."

"काहीतरीच बोलू नका. उपाशी? आमच्या घरी? बायको दिवसभर टाकते."

"तळाशी पडलेलं दिसतं काही?"

"काही नाही. चकाचक असतो तळ."

"मग हे खात काय होते?"

तपासनीस हातातल्या रिकाम्या काड्यापेटीकडे बघू लागले.

"आणि वरचे?" तिनं विचारलं. "ते कसे असतात?"

"वरच असतात. दिवसभर तोंडं उघडून." हे सांगता सांगता त्यांचा आवाज खाली गेला.

दुकानवालीनं मासा परत काड्यापेटीत ठेवला. काळजीनं म्हणाली, "मी विचारणारच होते तुम्हाला. किती दिवस झाले, तुम्ही डबा न्यायला आला नाहीत. मला वाटलं, बायकोचं काही..." पुढचं तिनं गिळलं.

घंटा, कप, कुशीवर न होणारं अंग. सगळं एका ओळीत तपासनीसांच्या डोळ्यांसमोर काचेवरून सरकत आलं. प्रत्येक ठिकाणी खोट होती आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी पासचा शिक्का मारला होता. त्यांनी गोळ्यांची डबी मागितली.

घरी आले. अंग पुसून बाई निघून गेली होती. बायको उशीवर, नजर पेटीवर. त्यांनी नेहमीसारखा डबा घेतला, तिच्या तळव्यात ठेवला, एकेक बोट वळवलं. बोटं वळवली तशी वळली आणि तशीच राहिली.

"जा," ती म्हणाली.

ते खुर्ची ओढून बसले. "भांडी नंतर घासतो आज."

"जा."

"बसतो गं जरा."

वर सगळे मासे खाचेखाली गोळा झाले होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा माशांकडे. खांदा हलला. सगळं अंग लावून तिनं खांदा उचलला, दंड फरफटत खाचेपर्यंत आला, पण मनगट वळेना. डबा आडवाच. खांद्याच्या हिसक्यानं दोनचार कण पाण्यावर पडले, वरच्यांनी ते पडता पडताच गिळले. खाली काहीच गेलं नाही. असं किती दिवस चाललं असेल कोण जाणे. डबा बोटांतून सुटला, कठड्यावर आपटला आणि चादरीवर पडला. झाकण उघडून चुरा सगळीकडे पसरला.

तपासनीसांनी तो झटकला नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं आणि तिला ते पुसता येत नव्हतं. त्यांनी पुसलं. ओठ बराच वेळ जुळवून मग ती म्हणाली, "लेकीला... नको."

तेव्हा त्यांना ते उघडं दार आठवलं. ती सगळं ऐकत पडली होती तर. कबूल म्हटलेलंसुद्धा. लाज वाटली त्यांना, इतकी की तिच्याकडे बघवेना. आणि लाजेहून मोठी भीती वाटली. ही दुसऱ्या कुठल्या खोलीत, दुसऱ्या कुठल्या पलंगावर, आणि आपण इथे या स्वच्छ घरात एकटे. म्हातारा माणूस हमसून हमसून रडला. तिनं बघितलं आणि म्हणाली, "अहो." एवढंच तिला म्हणता येत होतं, तेवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

मग त्यांनी डोळे पुसले. चादरीवरचा चुरा गोळा करून डब्यात भरला, डबा तिच्या मुठीत दिला, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि हात खाचेवर नेला. "सांड," ते म्हणाले. "सांड गं. मी आहे ना पुसायला."

दोघांनी मिळून डबा उपडा केला. लाल, हिरवा, पिवळा चुरा पाण्यावर पसरला, वरच्यांची झुंबड उडाली, त्यांची पोटं भरली तरी चुरा पडतच राहिला. खाली उतरला, पांढऱ्या वाळूवर सगळीकडे डाग पडले. उरलेले कोरी कोपऱ्यातून निघाले. आधी एक, मग बाकीचे, अशक्त, डुलत. मिशा वाळूला लागल्या आणि ते खायला लागले. डबा रिकामा होईपर्यंत तपासनीस थांबले नाहीत.

संध्याकाळी फोन वाजला. त्यांनी पलंगाशेजारी उभं राहूनच उचलला.

"बाबा, शुक्रवारी येतेय मी," लेक म्हणाली. "आईला डॉक्टरांना दाखवून घेऊ. कशी आहे? हात चालतोय ना?"

तपासनीसांनी पेटीकडे बघितलं. पाणी धूसर झालं होतं, वाळू दिसत नव्हती एवढं उष्टं पडलं होतं. आयुष्यात त्यांनी एक खोटा तागा पुढे जाऊ दिला नव्हता.

"ये आणि बघ," ते मोठ्यानं म्हणाले, पलंगावरही ऐकू जावं म्हणून. "काय सांडून ठेवलंय तुझ्या आईनं. सगळा तळ घाण केलाय. सांगून सांगून थकलो, ऐकतच नाही."

पलीकडे लेक खळखळून हसली. "मग बरीच आहे म्हणायची. चला, ठेवते."

त्यांनी फोन ठेवला. बायको त्यांच्याकडेच बघत होती. ते खुर्चीवर बसले आणि तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. हात ऊबदार होता आणि नुसता जड होता. शुक्रवार काही फार लांब नव्हता.